मूळ नाही तर नक्कल नाही

रावेत,
शनिवार

ती. अण्णांना,

मिहिरचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घालतो आहे, पण मनापासून).

इकडे सर्व ठीक, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे. त्यातलं दुसरं वाक्य खरं समजावं आणि पहिलं सोडून द्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? गुरुवारी नेमकी आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती आणि तुम्ही जिने चढून आलात, त्याचा त्रास झाला नसावा अशी आशा आहे. आईंचं दाताचं काम झालं का? त्यांना म्हणावं, ऋताबरोबर काल पाठवलेल्या कोथिंबीर वड्या पोहोचल्या, आणि मी त्या अजून खाल्लेल्या नाहीत, याला वड्यांचा काही दोष नाही.

रावेतहून सांगवीला पत्र लिहिणारा मी अलीकडच्या काळात पहिलाच असेन. रिक्षावाल्यानंसुद्धा हसावं इतकं हे अंतर. पण तुम्ही कालपासून माझा फोन घेत नाही, आणि मेसेज वाचून तशाच निळ्या खुणा ठेवून देता (म्हणजे वाचलंय हे मला कळावं, आणि उत्तर न देण्यामागे विचार आहे हेही कळावं). ऋता म्हणाली, अण्णांना बोललेलं लागतं, लिहिलेलं चालतं, तेव्हा कागदावर लिही, मी स्वतः नेऊन देते. त्यापाठोपाठ तिनं रेघी कागद आणि पेन आणून ठेवलं आणि समोर बसली. याआधी दोन पत्रं लिहिली ती तिला पसंत पडली नाहीत. हे तिसरं.

तर अण्णा, काल सकाळी फोनवर मी तुमच्यावर आवाज चढवला. जावयाला आपल्याकडे दहावा ग्रह म्हणतात ते ठाऊक आहे, पण म्हणून ग्रहानं सासऱ्याच्या कानात ओरडावं असं कुठल्याही पंचांगात लिहिलेलं नाही. चुकलं. ते कशापायी झालं एवढंच सांगायला हे पत्र आहे. दुसरा कुठलाही हेतू नाही.

आमच्या सुजितला तुम्ही लग्नात पाहिलंय (पंगतीत तिसऱ्यांदा मठ्ठा मागणारा). त्याच्या कंपनीत आम्ही सहा माणसं, आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे महाळुंग्यातला तो प्रेस शॉप, जिथं मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकले जातात. तिथं प्रत्येक प्रेसजवळ एक स्क्रीन आहे. आता कुठला भाग लावायचा, डावा की उजवा, त्याचं चित्र त्या स्क्रीनवर येतं आणि कामगार ते बघून पत्रा आत सरकवतो. स्क्रीनवरचं ते सगळं आम्ही लिहितो. येत्या सोमवारी पहिल्या शिफ्टला मोटार कंपनीचे पाहुणे हे बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर दुसऱ्या कारखान्याचंही काम आपल्याला, आणि नाही पटलं तर आहे तेही जाणार. सुजित मला म्हणाला होता, "मिहिर, भावा, सोमवार बिघडला तर मंगळवारी तू पण घरी आणि मी पण घरी." तो हे हसून म्हणाला नव्हता.

आता अडचण अशी की त्या स्क्रीन जुन्या आहेत. आम्ही हल्लीच्या पद्धतीनं प्रोग्रॅम लिहितो आणि त्यांना फक्त जुनं वळण समजतं. म्हणून लिहिलेल्या प्रत्येक फाइलचं जुन्या वळणात रूपांतर करून मगच ती कारखान्यात पाठवावी लागते. याला आमच्या धंद्यात ट्रान्सपाइल करणं म्हणतात. तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो (राग मानू नका). हे काम आपल्या घरात आई करतात. तुम्ही वीजबचत या विषयावर अर्धा तास बोलता, त्यात देश येतो, कोळसा येतो, तुमच्या प्लांटमधल्या कंप्रेसरची गळती येते. मग आई आमच्याकडे वळून म्हणतात, "पंखा बंद करा." अर्थ तोच, आणि आम्हाला झेपतो. स्क्रीनला झेपणारी फाइल ही अशीच असते, आखडलेली, नावंगावं गाळलेली. तिच्यावरून काम चालतं. पण नुसत्या "पंखा बंद करा" वरून तुमचं अख्खं भाषण पुन्हा लिहून काढा म्हटलं तर ते आईंनाही जमणार नाही, आणि मला तर नाहीच नाही. हा मुद्दा कृपया लक्षात असू द्यावा, माझा जीव त्यात अडकलेला आहे.

आतापर्यंत हे रूपांतर हातानं करावं लागायचं, आणि पाठवायच्या घाईत कोणी ना कोणी ते विसरायचं. मग नवी फाइल तशीच कारखान्यात जायची आणि स्क्रीन गप्प व्हायची. म्हणून मीच छातीठोकपणे सुजितला सांगितलं की हे सगळं आपोआप होईल असं करतो, माणसाचा हातच लागायला नको. (उंटावरचा शहाणा म्हणतात तो साधारण या उंचीवरून बोलतो.) माझ्या लॅपटॉपवर एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवला. मूळ फाइल ठेवली की तो लगेच तिची नक्कल करून शेजारच्या फोल्डरमध्ये टाकणार. पहिल्या दिवशी मी त्याला नकलांच्याच फोल्डरवर पहारा द्यायला बसवलं, तेव्हा तो केलेल्या नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं करत सुटला, आणि लॅपटॉपचा पंखा इतका घोंघावला की ऋतानं स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर बंद आहे ना ते बघितलं. ते निस्तरलं. मग मी आणखी दोन गोष्टी जोडल्या. एक, नक्कल तयार झाली की ती आपोआप कारखान्यात जाईल. दोन, मूळ फाइल काढून टाकली की तिची नक्कलही आपोआप पुसली जाईल, इथली आणि कारखान्यातली, म्हणजे जुना कचरा साठायला नको. मूळ नाही तर नक्कल नाही. गुरुवारी जेवताना मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "शाब्बास." लग्नाला चार वर्षं झाली अण्णा, तुमच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी फार खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर जे झालं त्याला निम्मा मीही जबाबदार आहे. सुजितचा फोन आला, आमच्या हॉलमध्ये आवाज तुटतो म्हणून मी बाल्कनीत गेलो, आणि जाता जाता तुम्हाला म्हणालो, "अण्णा, जरा इकडे बघा." साधी माणसं याचा अर्थ मांजर येऊ देऊ नका असा घेतात. पण ज्यानं आयुष्यभर कारखान्यात फाइव्ह एस, म्हणजे जागच्या जागी वस्तू ठेवायची शिस्त, राबवली, बिनकामाच्या वस्तूला लाल टॅग लावून ती जागेवरून हलवली आणि मगच चहा घेतला, त्या माणसाला मी टेबल बघायला सांगितलं. तुम्ही बाल्कनीच्या दारात येऊन मला विचारलंत, एकाच नावाच्या फाइली दोन ठिकाणी आहेत, मशिनला कुठल्या जातात? मी फोनवर हात ठेवून म्हणालो, दुसऱ्या. तुम्ही मान हलवून आत गेलात. आता आठवलं की ती मान मला अजून हलताना दिसते.

परत आलो तर टेबल ओळखू येईना. पेनं उंचीप्रमाणे लावलेली, वायरींना रबरबँड, आणि माउसभोवती टेबलावर पेन्सिलीनं बाह्यरेषा काढून खाली सुवाच्य अक्षरात "माउस" असं लिहिलेलं. मी आणि ऋता हसत सुटलो. त्या हसण्याच्या भरात मी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. तुम्ही चहा घेऊन सांगवीला गेलात. गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, कारखान्यात सगळं बंद. त्यामुळे काय घडलंय ते कळायला तिथं कोणी नव्हतंच.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मी महाळुंग्यात हजर झालो ते ऐटीत. गेटवरच प्रेस शॉपचा सुपरवायझर गणराज उभा होता. तो म्हणाला, "सायेब, समदं पांढरं झालंय. चित्र न्हाई, अक्षर न्हाई, कायबी न्हाई." आत जाऊन पाहतो तो समोरच्या रांगेतल्या सगळ्या स्क्रीन कोऱ्या, आणि त्यांच्यापुढे हातमोजे घातलेली माणसं हाताची घडी घालून उभी. चालू प्रेसचा आवाज सहन होतो अण्णा, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण बंद प्रेसचा आवाज फार वाईट. मला वाटलं पहारेकऱ्यानंच घात केला. मी त्याला तपासलं, पुन्हा बसवलं, शिव्या दिल्या. तो बिचारा इमानदारीत एकच सांगत होता की मूळ फाइली नाहीत, म्हणून मी नकला पुसल्या. एवढ्यात सुजित आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. तो नुसता श्वास घेत होता आणि तो मला मानेवर लागत होता.

मग मी मूळ फाइलींचं फोल्डर उघडलं. आत एकच चिठ्ठी. वर ठळक "लाल टॅग". वस्तू: दुबार फाइली. कारण: मशिनला लागत नाहीत. निर्णय: लाल टॅग विभागात हलवल्या. खाली तारीख आणि तुमची आद्याक्षरं. चिठ्ठीत एकही चूक नव्हती. मी कचऱ्याच्या डब्यात शोधलं, तर तोही रिकामा (डबा भरलेला ठेवू नये हे तुमचं मला माहीत आहे, आता तर कायमचं माहीत झालं). कंपनीच्या मोठ्या साठवणीत गेल्या आठवड्याची प्रत होती, पण सगळं पुरतं जमल्यावरच नवं काम तिथं ठेवू अशा हौसेनं मी हा अख्खा आठवडा माझ्याच लॅपटॉपवर ठेवला होता. त्या जुन्या प्रतीत शेवटच्या तीन प्रेसचा जन्मच झालेला नाही.

तेव्हा मी तुम्हाला फोन लावला. तो लाल टॅग विभाग नक्की कुठे आहे, एवढंच विचारायचं होतं. पण मागे सुजितचा श्वास, पुढे कोऱ्या स्क्रीन, आणि तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणालात, "कसं, आता सुटसुटीत वाटतं ना?" आणि मग जे माझ्या तोंडून गेलं ते तुम्ही ऐकलंच आहे, शॉपमधल्या सगळ्यांनीही ऐकलं. हात लावायला कोणी सांगितलं होतं, असं मी तुम्हाला म्हणालो. तुम्ही फोन ठेवलात. विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

काल लाइन चालू झाली ती कशी, ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण ते तुमच्या तत्त्वांना धरून नाही. कोपऱ्यातल्या प्रेसची स्क्रीन बुधवारी संध्याकाळी बंद करायचा कोणीतरी कंटाळा केला होता. सुट्टीच्या आधी सगळे स्विच बंद करावेत अशी पाटी तिच्याच डोक्यावर आहे. स्क्रीन फक्त चालू होतानाच फाइली नव्यानं मागवते. ही रात्रंदिवस तशीच चालू राहिली, आणि बुधवारच्या सगळ्या नकला तिच्या पोटात शाबूत होत्या. त्या काढून बाकीच्यांना वाटल्या. म्हणजे तुमच्या शिस्तीनं बंद पडलेली लाइन एका आळशी माणसानं चालू केली. त्याचं नाव कोणी सांगत नाही, पण तो सापडला तर मी त्याला मिसळ खायला घालणार आहे.

पण अण्णा, बुधवारच्या नकलेत एक चूक आहे. चार नंबरच्या प्रेसला डाव्या भागाच्या जागी उजव्याचं चित्र येतं. ती मी गुरुवारी सकाळी मूळ फाइलीत सुधारली होती. उलटा भाग आत गेला तर पत्र्याला आकार देणारी पोलादी डाय फुटते, आणि डाय फुटणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगावं असं नाही. मी नकलेतच ती दुरुस्त करायला गेलो. त्या आखडलेल्या मजकुरात एक अक्षर बदललं आणि चार नंबरच्या प्रेसवर कॅन्टीनच्या जेवणाचा तक्ता आला. माणसं बराच वेळ शांतपणे वाचत उभी राहिली. ते अक्षर मी होतं तसं केलं आणि पुन्हा हात लावला नाही. गणराजनं मग खोक्याचा पुठ्ठा कापून "चित्र उलटं समजावं" असं लिहून स्क्रीनला चिकटवलं आणि एक माणूस नुसता तेवढंच बघायला शेजारी उभा केला. आज दिवसभर लाइन अशी चालली आहे. सोमवारी पाहुणे येतील, त्यांना हा पुठ्ठा दिसेल, आणि मग सुजित काय करील ते मी वर लिहिलंच आहे. पुठ्ठा काढला तर त्याहून भीती. कोणाचा हात आत असताना डाय फुटली तर, हा विचार माझ्या डोक्यातून कालपासून जात नाही.

सुजितनं विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणालो, माझ्याच घरातून झालं, माझ्याच निष्काळजीपणानं झालं. तुमचं नाव घेतलं नाही. (शॉपमधल्या सगळ्यांनी माझा फोन ऐकलेला असल्यामुळे त्याचा फारसा उपयोग नव्हता, तरीही घेतलं नाही.) तेवढं तरी माझ्या पदरात टाका.

तर असं झालं. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत, तुम्ही विचारून केलंत, आणि मी धड उत्तर दिलं नाही. वयानं, मानानं आणि शिस्तीनं मोठ्या माणसाला चारचौघांत तसं बोललो, त्याची लाज वाटते. ती मनापासून वाटते. माउसभोवतीची रेष मी पुसलेली नाही. आईंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या, आणि एवढ्यात जिने चढू नका.

तुमचा,
मिहिर

ता. क. तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक काळा पेन ड्राइव्ह असतो. गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा तो जुडग्याला होता, आणि निघताना तुम्ही तो वेगळा काढून शर्टाच्या खिशात ठेवलात, असं मला आता आठवतं. लाल टॅग विभाग म्हणजे तोच असावा अशी माझी दाट शंका आहे. त्यात माझ्या मूळ फाइली असतील तर त्या मला हव्या आहेत. कारण: चार नंबरच्या प्रेसचं चित्र सरळ करायचं आहे, आणि ते फक्त मूळ फाइलीतच करता येतं. सोमवारच्या आधी. पेन ड्राइव्ह कृपया नीटनेटका करू नये.

ता. क. २. फाइली मिळाल्या की वरची माफी अर्धी परत घेईन. हात लावायला नको होता हे माझं मत कायम आहे. फक्त ते ओरडून सांगायला नको होतं.

ता. क. ३. (हे ऋताचं अक्षर आहे.) ती. अण्णा, पत्र वाचलं. पेन ड्राइव्ह काल तुम्ही माझ्या हातात दिलात तसाच माझ्या पर्समध्ये आहे, टॅगसकट. लाल टॅगची वस्तू परत हवी असेल तर ज्याची असेल त्यानं ती कशाला हवी ते स्वतःच्या हातानं लिहून द्यावं, तोवर देऊ नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून गप्प बसले. पहिल्या कागदावर नुसता राग होता. दुसऱ्यावर नुसती माफी, आणि ती खोटी होती. यात कारण आहे, माफी आहे, आणि अर्धी परतही घेतलीय, म्हणजे खरंच लिहिलंय. माझ्या मते मंजूर करावं. पण कालपासून तो जेवलेला नाही, आणि त्या प्रेसपाशी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकल्यावर मलाही घास जाईना. तुमच्या सहीची वाट न बघता मी पेन ड्राइव्ह आत्ताच त्याच्यापुढे ठेवतेय. हे ऐकून तो जे काही बोलेल ते ऐकायला मी इथं थांबणार नाही, पत्र घेऊन तडक सांगवीला येते. नियम मोडलाय, तेव्हा टॅग मला लावा आणि तिथंच ठेवून घ्या. परत हवी असेन तर कशाला, ते मिहिर लिहून देईल.